वास गेला की उतरायचं

हे लिहायचंच नाही असं मी ठरवलं होतं. फोनवर टाईप केलं, पुसलं, परत टाईप केलं, परत पुसलं. एक तर लोक म्हणणार, ह्याला काहीतरी लागलंय, उतारा टाका. आणि दुसरं म्हणजे मी काही लिहिणारा माणूस नाही. शाळा अर्ध्यात सुटली, पुढचं जे काय येतं ते बोटीवर आडवा पडून, हाताला लागेल ते वाचून आलेलं. पण काल शेजारच्या बोटीवरचा एक खलाशी खणाच्या झाकणावर ओणवा होऊन लांब लांब श्वास ओढताना दिसला. म्हणून लिहितोय. जमेल तसं.

आधी खण म्हणजे काय ते सांगतो.

आमची बोट ट्रॉलर. मोठं जाळं समुद्राच्या तळाशी ओढत न्यायचं आणि सापडेल ते वर घ्यायचं. मासळी ठेवायला बोटीच्या पोटात खोल्या असतात, त्यांना खण म्हणायचं. वर चौकोनी झाकण, आत लोखंडी शिडी. चांगली मासळी पुढच्या खणांत, बर्फात लोळते, आमच्यापेक्षा तिची बडदास्त जास्त. मागच्या खणात कचरा मासळी. बोटाएवढी बारकी, तुटकी, चेंगरलेली. ती माणूस खात नाही, तिची भुकटी करून कोंबड्यांना घालतात. आता कोंबडीच्या खाण्याला बर्फ कोण घालणार? उरला तर घालायचा, नाहीतर राम राम.

मग ती कुजते. मागचा खण उघडला की असा वास येतो, जसं काही सडक्या अंड्यांच्या पाटीत कुणी तुमचं तोंड दाबून धरलंय. डोळ्यांतून पाणी येतं. म्हणून आमच्याकडे रीत आहे. झाकण काढायचं, लांब थांबायचं, वारा लागू द्यायचा आणि वास गेला की उतरायचं. आमच्या तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्या मालकमाणसाच्या, आजोबांपासून हेच चालत आलंय.

आणि वास गेला की नाही हे ठरवतं कोण? त्यासाठी प्रत्येक बोटीवर एक नाक असतं. म्हणजे एक माणूसच, पण त्याला नाकच म्हणतात. तो खणाच्या काठावर बसतो, वाकून हुंगतो आणि म्हणतो, "गेला." त्यानं म्हणेपर्यंत कुणी शिडीला पाय लावायचा नाही. आणि म्हटलं की पहिला तोच उतरणार. मानाचं काम आहे.

आमच्या बोटीचं नाक म्हणजे काडी. माझा दोस्त. अंगानं काडी, नाकानं पोपट, असं सगळे म्हणायचे. पण पोपट हे नाव पडलं मला, कारण मी बडबड्या. काडी एकटाच मला पोपटराव म्हणायचा. 'राव' वर जरा झोका देऊन. तेवढं लक्षात ठेवा.

काडीच्या आधी त्याचे वडील आमच्या बोटीचं नाक होते. ते मागच्या खणातच गेले. "गेला" म्हणाले, उतरले आणि परत आले नाहीत. त्यांना काढायला त्यांचा सख्खा मेव्हणा उतरला, तोही गेला. तिसरा उतरला आमचा भंडारीकाका, बोटीवर जेवण करणारा. तो तेवढा वाचला, शिडीला पाय अडकून उलटा लोंबकळत राहिला म्हणून. शहरातल्या दवाखान्यात नेईपर्यंत दुपार कलली. तिथं सांगितलं, हार्ट. दोघांचं एकदमच हार्ट. बंदरावर कुणी काही विचारलं नाही. खण घेतो कधीकधी, असं म्हणाले आणि कामाला लागले.

भंडारीकाका तेव्हापासून मोजकंच बोलतो. पण एकदा भांडी घासताना तो मला म्हणाला होता, "मला वाटलं ते मेलेत. मग खालून हाक आली. ये रे खाली, गार आहे इथं, म्हणाले. चांगल्या हसऱ्या आवाजात. म्हणून मी उतरलो."

"मग?"

"मग काय? उतरलो तर दोघं पालथे पडलेले. तोंडं चिखलात. हाक मारली कुणी?"

मी हसण्यावारी नेलं. काका पुन्हा पातेल्याकडे वळला.

आता सिस्टरबद्दल.

पूर्वी बंदरावर दवाखाना नव्हता. म्हणजे होता, सरकारी, पण तो उघडायचा तेव्हा आम्ही समुद्रात आणि आम्ही यायचो तेव्हा त्याला कुलूप. ह्या सिस्टर आल्या आणि त्यांनी जाळी ठेवायची जुनी खोली मागून घेतली. चुना मारला, एक पलंग, एक कपाट, एक टेबल. बोटी लागतात त्या वेळेला दार उघडं. मासळी उतरवता उतरवता लोक जाऊन यायचे. कुणाच्या बोटात काटा मोडून हात सुजलेला, कुणाला इंजिनाशेजारी राहून राहून ऐकू कमी आलेलं. तांडेलाचं ब्लडप्रेशर पाहून त्या म्हणाल्या, "तुम्ही चालत आलात कसे?" तांडेल म्हणाले, "शिव्या देत आलो, त्यानंच वाढलं असेल."

काडीला मीच ओढत नेला. त्याचं डोकं दुखायचं. विशेषतः मागचा खण उघडला त्या दिवशी. सिस्टरांनी विचारलं, काम काय करतोस. काडीनं छाती फुगवून सगळं सांगितलं. हुंगणं, थांबणं, "गेला" म्हणणं.

सिस्टरांच्या हातातलं पेन टेबलावर पडलं.

"वास जातो की तुझं नाक जातं?"

"म्हणजे?"

"तो वायू आहे. थोडा असला तर वास येतो. जास्त झाला तर नाक बधिर करतो. वास बंद होतो, वायू तिथंच. हवेपेक्षा जड असतो, तळाशी बसून राहतो. तू गेला म्हणतोस ना, तेव्हाच तो सगळ्यात जास्त असू शकतो."

काडी हसला. "सिस्टर, माझं नाक मेलं तर आधी मला कळेल ना?"

"तेच तर कळत नाही, बाळा."

त्यांनी कपाटातून एक पिवळं यंत्र काढलं, टीव्हीच्या रिमोटएवढं. दोरीला बांधून खणात सोडायचं, वायू असला तर ते ओरडतं. बंदरावर ते एकच होतं म्हणून त्या म्हणाल्या, मागचा खण उघडायच्या आधी मला फोन करा, मी घेऊन येते. बर्फाच्या कारखान्यातल्या मिस्त्रीशीही त्यांनी बोलून ठेवलं होतं. कारखान्यात अमोनिया गळतो तेव्हा घालायला मिस्त्रीकडे तोंडाचा मास्क आणि पाठीवरची हवेची टाकी असते. कुणी खाली पडला तर मिस्त्री येईल, तोपर्यंत कुणीही उतरायचं नाही. हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं.

बाहेर आल्यावर काडी म्हणाला, "आता यंत्र हुंगणार, मग मी काय करू? त्याच्या बॅटऱ्या बदलू?"

तांडेलांना सांगितलं तर ते म्हणाले, "बघू की." आमच्याकडे बघू की म्हणजे विसरा.

त्यानंतरच्या खेपेला इंजिन बंद पडलं. खूप लांब आत होतो. तांडेल आणि इंजिनवाला अंगाला ग्रीस फासून भुतासारखे दिसायला लागले, तरी ते सुरू होईना. वारा नाही. समुद्र ताटात ओतलेल्या तेलासारखा. बर्फ पाणी होऊन गेला. दुसऱ्या बोटीनं ओढून आणलं तोवर मागच्या खणाचं झाकण आपोआप वर-खाली होत होतं. हळू, बारीक. आत कुणी झोपलंय आणि श्वास घेतंय असं. मी काडीला दाखवलं. तो म्हणाला, "वाफ कोंडलीय रे." पण तो त्या झाकणावरून चालत गेला नाही, वळसा घालून गेला.

आम्ही बंदराच्या तोंडाशी पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. धक्का भरलेला होता. बाहेरच नांगर टाकून उभे राहिलो. धक्क्यावरची माणसं दिसत होती, कुणीतरी मोठ्यानं हसत होतं तेसुद्धा ऐकू येत होतं. तांडेल म्हणाले, हा घाणेरडा माल धक्क्यावर नेला तर लोक हाणतील, इथंच उपसून टाका.

मी म्हटलं, "सिस्टरांना फोन करू या ना."

"खाली काय बाळंतपण आहे का? काढा झाकण."

झाकण काढलं.

वास आला तो सांगता येत नाही. इंजिनवाला तिथल्या तिथे ओकला. मग अगदी लगेच, म्हणजे मी नाकावर फडकं बांधेपर्यंत, वास गेला. एकदम. कुणी बटण दाबून बंद करावा तसा. हवा स्वच्छ. थोडी गोडसरच म्हणा ना. डेकवर माश्यांचा थवा घोंघावत होता, तो आवाज बंद झाला. बघितलं तर माश्या फळ्यांवर पडलेल्या, पाय वर.

एक समुद्रपक्षी नेहमीसारखा आला, खणाच्या काठावर बसला, आत वाकून बघितलं त्यानं. पंख न हलवताच पुढे कलंडला. खाली पडल्याचा मऊ आवाज आला. परत वर आला नाही.

"अरे, तो पक्षी बघितला का?" मी म्हटलं.

काडी काठावर बसला होता. वाकून हुंगत होता. त्याचा चेहरा मला कधी न दिसलेला, लहान मुलासारखा झालेला. कान खाली लावून ऐकत असल्यासारखा.

"गेला," तो म्हणाला.

"काडी, थांब जरा—"

"गेला म्हटलं ना. नाक कोण आहे, तू की मी?"

तो शिडी उतरला. तीन-चार पायऱ्यांपर्यंत त्याचं डोकं दिसलं. मग दिसलं नाही. धप्प असा आवाज आला, तोही मऊच.

"काडी?"

काही नाही.

"ए काड्या!"

मग खालून आवाज आला. अगदी मोकळा, मजेत. "अहो पोपटराव, या की खाली. काय गार आहे इथं."

खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. हायसं वाटलं. मी म्हटलं, सुटलो, ठीक आहे हा. माझा पाय शिडीवर होता. डोकं आत घातलं तर काडी दिसला. शिडीच्या तळाशी, पालथा. अर्धा चेहरा त्या काळ्या रबडीत. तोंड बंद. आणि आवाज चालूच होता. "या हो पोपटराव. असं काय करता?"

त्या 'राव' वर तसाच झोका.

मागून कुणीतरी माझी मानगूट धरली आणि मला डेकवर आडवा पाडला. भंडारीकाका. माझ्या छातीवर बसला, सगळा भार घालून.

"हाक आली ना?" तो कानाशी म्हणाला.

"काका, सोडा, तो बोलतोय!"

"तोंड हलत होतं का त्याचं?"

मी धडपडणं थांबवलं.

"हलत नव्हतं ना? मग तो नाही तो." काकाचा घाम माझ्या तोंडावर पडत होता. "तू उतरलास तर उद्या तुझ्या आवाजात मला बोलावतील. तांडेल! बघताय काय? लावा तो फोन!"

तांडेलांवर काका असा ओरडलेला कुणी ऐकला नव्हता. त्यांनी फोन लावला. "सिस्टर... खाली पडलाय... नाही, कुणी उतरलं नाही." मग त्या जे सांगत होत्या ते तांडेल ओरडून आम्हाला सांगायला लागले. वाऱ्याच्या बाजूला व्हा. आत हवा सोडा. त्याचं तोंड चिखलातून वर करता आलं तर करा, पण वरूनच.

इंजिनघरातला बॅटरीवर चालणारा मोठा पंखा उपटून आणला, त्याला ताडपत्रीची नळी करून खणात सोडली. काकानं बर्फाच्या लाद्या ओढायचा लांब आकडा घेतला, तोंडाला ओलं फडकं बांधलं, वाऱ्याकडून पोटावर झोपला आणि काडीच्या पट्ट्यात आकडा अडकवला. मी काकाचे पाय धरले. एक हिसका, दुसरा हिसका. काडी रबडीतून सुटला, शिडीला टेकून अर्धवट बसता झाला. नळीची हवा त्याच्या तोंडावर पडत होती. डोळे उघडे, पण कुठंच बघत नव्हते.

आणि एवढा वेळ खालून माझं नाव येत होतं. आता हळू. रुसल्यासारखं. मी मोठमोठ्यानं काहीही बडबडायला लागलो, जाळ्यांची नावं, माशांची नावं, आईच्या शिव्या, फक्त ते ऐकू येऊ नये म्हणून. इंजिनवाला माझ्याकडे बघत होता. त्याला काही ऐकू येत नव्हतं, असं तो नंतर म्हणाला. पण त्याला इंजिनामुळे तसंही कमीच ऐकू येतं.

सिस्टर लहान होडीतून आल्या. साडीचा काचा मारलेला, मांडीवर ऑक्सिजनचा सिलेंडर, शेजारी मिस्त्री पाठीवर टाकी लावून. चढल्या चढल्या त्यांनी पिवळं यंत्र दोरीनं खणात सोडलं. काठाच्या खाली जरासं गेलं असेल नसेल, ते किंचाळायला लागलं. आम्हा सगळ्यांना एक कण वास येत नव्हता. स्वच्छ ऊन, निळं पाणी, धक्क्यावर माणसं मासळी मोजतायत आणि ते यंत्र जिवाच्या आकांतानं ओरडतंय. तांडेलांनी कान झाकले.

मिस्त्री उतरला, काडीच्या काखेतून दोरी घातली, आम्ही ओढला. तो वर आला तेव्हा ओठ राखेच्या रंगाचे. सिस्टरांनी मास्क लावला आणि त्याच्या छातीवर तळहात टेकवून बसून राहिल्या. मग काडी खोकला. असा खोकला की मला वाटलं आतडी बाहेर येतील. त्यापेक्षा गोड आवाज मी ऐकलेला नाही.

ह्या वेळी शहरातल्या दवाखान्यात सिस्टर बरोबर गेल्या. तिथला डॉक्टर चांगला होता, विचारलं काय झालं. सिस्टरांनी वायूचं नाव सांगितलं, मग त्यानं त्याप्रमाणे इलाज केला. ह्या वेळी हार्ट कुणी म्हटलं नाही.

मिस्त्री मास्क काढल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला होता, "खाली अजून कुणी होतं का रे?"

"नाही. का?"

"काही नाही. मी त्याला बांधत होतो तर पायाला कुणी धरल्यासारखं वाटलं. रबडी असेल." आणि त्यानं विडी पेटवायचा प्रयत्न केला. पेटली नाही तशी ती कानावर खोचली.

आता काडी घरी आहे. मी परवा गेलो होतो. काकूंनी, म्हणजे काडीच्या आईनं, चहा दिला आणि बाहेर जाऊन बसल्या, त्यांना समोर रडायचं नव्हतं. काडी खिडकीशी बसलेला. हात थरथरतात, शर्टची बटणं काकू लावतात. शब्द मध्येच हरवतात. आणि वास अजिबात येत नाही. ना चहाचा, ना साबणाचा, कशाचाच. डॉक्टर म्हणतात, कदाचित येईल, कदाचित नाही.

"बोटीचं नाक कापलं गेलं," तो म्हणाला आणि हसला. मलाही हसावं लागलं.

मी सांगितलं, तांडेलांनी यंत्र आणलंय, स्वतःच्या बोटीचं. दोरीला बांधून सुकाणूच्या चाकाशेजारी टांगलंय. कचरा मासळीलाही आता बर्फ घालतात. भंडारीकाका रोज उठून यंत्राची बॅटरी बघतो. पण बाकीच्या बोटींवर अजून नाकंच बसतात. सिस्टर एकेका बोटीवर जाऊन सांगतायत, लोक हो हो म्हणतात.

मग मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंड माझंच. "काडी, तू मला खालून हाक मारलीस?"

"मी?" तो खरंच गोंधळला. "मला खाली पोचल्याचंही आठवत नाही."

"मग काय आठवतं?"

त्यानं कप खाली ठेवला. "काठावर बसलो होतो ना, तेव्हा बाबा खोकले खाली. ते सकाळी खोकायचे तसे. म्हणून मी गेला म्हणालो. वास गेला की नाही ते मी बघितलंच नाही."

"आणि मग?"

"मग बाबा दिसले. ओळखले मी. चांगले होते. आणि रागावले माझ्यावर." त्याचा आवाज बारीक झाला. "म्हणाले, एकटाच आलास?"

बाहेर काकूंनी बादली सरकवली तर मी दचकलो.

काडीनं माझं मनगट धरलं. पकड थरथरत होती, पण घट्ट. "मी परत बोटीवर येणार, पोपटराव. दुसरं काय येतं मला? जाळी विणेन, डेक धुवीन. डॉक्टर हो म्हणाले की येणार. पण तू मला एक शब्द दे. मी खाली पडलेला दिसलो आणि मीच तुला हाक मारली, रडलो, आईची शपथ घातली, तरी तू यायचं नाहीस."

"अरे, असं कसं म्हणू?"

"म्हण. नाहीतर मी येत नाही बोटीवर."

तो वाट बघत होता, मनगट सोडत नव्हता.

"नाही येणार," मी म्हटलं. "तुझ्या आवाजात कुणीही बोलावलं तरी मी शिडीला पाय लावणार नाही. आधी यंत्र सोडेन, हवा सोडेन, सिस्टरांना बोलावेन, मिस्त्रीला उतरवेन. तू वर आलास की मग वाटेल तेवढ्या शिव्या दे मला. पण मी खाली येणार नाही, काडी. वचन."